पाडव्याची संध्याकाळ जड जाते

प्रश्न : वय ५८. यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला, यंदा तिला सुट्टी नाही. शेजारणी फराळाचं ताट दारातूनच देऊन जातात, हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला मी अंधारातच बसून राहते. माझंच मन कमकुवत आहे का?

उत्तर : ताई, मुळीच नाही. तुम्हाला वगळलं जातंय, त्याचं दुःख होणारच. विधवेला हळदीकुंकवापासून दूर ठेवणं चूकच, हे मी स्पष्ट सांगते. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. खेड्यातल्या लोकांना जे उमगलं, ते तुमच्या सोसायटीलाही उमगेल.

पण तोवर वाट बघत बसू नका. ताट घेताना ‘आत या, चहा टाकते’ एवढं म्हणा. काय बोलावं हे कळत नाही, म्हणूनही माणसं उंबऱ्यावरून परततात. संक्रांतीचं हळदीकुंकू तुम्हीच ठेवा. दोघीच आल्या तरी चालेल.

पाडव्याची वेळ मात्र आधीच ठरवून ठेवा. लेकीला व्हिडिओ कॉल लावा, दोघी मिळून यजमानांच्या आठवणी काढा. रडू आलं तर येऊ द्या. आणि पणती लावा, ते घर तुमचंही आहे.

झोप उडाली, जेवण जाईना, असं दोन आठवडे राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी १४४१६ वर ‘टेलिमानस’ला फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.