फुनाबोरीत बदकं पाळायची, तर खर्च किती?

पिल्लाची किंमत विचारून हिशेब सुरू करू नका. टोकियोतल्या फुनाबोरीत अडतं ते जागेपाशी. फ्लॅटच्या भाडेकरारात कुत्र्या-मांजराला मुभा असली, तरी बदक त्यात बसेलच असं नाही. म्हणून हे मार्गदर्शन सुटं घर आणि मागे दोन-चार वाफ्यांची जागा असलेल्यांसाठी आहे. त्यांनीही घरमालकाची परवानगी लेखीच घ्यावी.

जातीचा विचार शेजाऱ्यांना धरून करा. जपानमध्ये हौशी लोकांना कॉल डक आवडतं. ते आकाराने लहान आणि देखणं असतं, पण मादीचा आवाज भलताच मोठा. भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत पहाटेची ती हाक कुणी फार दिवस सोसणार नाही. शिवाय ते उडतं, म्हणजे वर जाळी आलीच. साधं पांढरं बदक त्यापेक्षा बरंच स्वस्त मिळतं आणि जड असल्यामुळे कुंपण ओलांडत नाही. एकटं बदक मात्र आणू नका, ते झुरतं. रात्री बंद होणारं, मांजर आणि कावळ्यापासून सुरक्षित खुराडं हवं. त्यासाठी मी तीस हजार येन बाजूला ठेवायला सांगेन.

आता पाणी, कारण खरा नेमाचा खर्च तोच. साठ लिटरच्या टबातलं पाणी रोज बदललं, तर महिन्याला १.८ घनमीटर पाणी लागतं. चौघांच्या घराचा महिन्याचा वापर २० घनमीटरच्या पुढे गेला की टोकियोत दर घनमीटरला पाण्याचे १६३ आणि सांडपाण्याचे १४० येन पडतात. कर धरून महिन्याला सुमारे ६०० येन झाले. उकाड्यात दोनदा बदलाल तर १,२००. हे पाणी गटारात ओतू नका. भेंडी, कारली, वांगी यांच्या मुळाशी घाला, खताचा खर्च वाचेल. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर मात्र ते घालू नका. विष्ठेत साल्मोनेला असू शकतो.

दोन बदकं दिवसाला तीनशे ग्रॅमच्या आसपास खाद्य खातात, म्हणजे महिन्याला नऊ किलो. वीस किलोची गोणी किलोमागे स्वस्त पडते, पण पावसाळ्यात ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कांतो भागात पावसाळा सरासरी ७ जूनला लागतो आणि १९ जुलैच्या सुमारास सरतो. त्या दमटपणात खाद्याला बुरशी धरते आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन बदकांना, विशेषतः पिल्लांना, फार लवकर मारतं. छोटी पिशवी घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पाव घालू नका. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देत असाल तर नायसिनची भर लागते, नाहीतर पाय अधू होतात.

बागेला बदकांचा उपयोग होतो, पण वेळ पाळून. गोगलगायी ती वेचून खातात, तशीच कोवळी रोपंही तुडवतात. एदोगावा भागातल्या कोमात्सुगावाचं नाव मिरवणारी कोमात्सुना भाजी तर ती बुडख्यापर्यंत फस्त करतील. वाफ्याभोवती गुडघाभर जाळी लावा आणि बदकांना पावसानंतर संध्याकाळी तासभर मोकळं सोडा.

कागदपत्रांना पैसे लागत नाहीत, पण ती टाळू नयेत. एकच बदक असलं, तरी १ फेब्रुवारीची स्थिती दाखवणारा वार्षिक अहवाल १५ जूनपर्यंत पशु-आरोग्य केंद्रामार्फत राज्यपालांकडे द्यावा लागतो. बर्ड फ्लू पसरला, तर पक्षी कुठे आहेत ते कळावं म्हणून ही नोंद. २०२२-२३च्या हंगामात जपानला सुमारे १ कोटी ७७ लाख पक्षी मारावे लागले होते. या वसंतात पिल्लं आणली असतील तर अहवाल पुढच्या वर्षी येईल, तरी केंद्राला आताच फोन करा. मे-जूनमध्ये पाण्याकाठी दिसणारी कारुगामो या रानबदकाची पिल्लं मात्र घरी आणू नका. रानपक्षी परवान्याशिवाय पकडणं गुन्हा आहे.

सगळ्यात मोठी रक्कम वर्षांची आहे. बदक आठ-दहा वर्षं जगतं आणि इथल्या आपल्या भारतीयांपैकी अनेकांचा व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा असतो. परतताना ते सोबत नेता येईल हे धरून चालू नका. बर्ड फ्लू असलेल्या देशांतून जिवंत पक्षी आणण्यावर भारताने वेळोवेळी बंदी घातली आहे. नदीत सोडून देणं तर क्रौर्यच. प्राणिसंरक्षण कायद्यात बदकाचं नाव आहे, आणि टाकून दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. पुढचा सांभाळणारा आधी ठरवा, मग पिल्लं आणा.

तो ठरत नसेल, तर वाफे करा आणि मुलांना ग्योसेन बागेतल्या प्राणिसंग्रहालयात न्या. प्रवेश मोफत आहे, सोमवारी बंद असतं.