आधी फाइल, मग फॉर्म

पोरी, विमा एजंटच्या परीक्षेचं फार मनावर घेऊ नकोस. दहावी झालेली आहे, आयसी-38 चं पुस्तक नीट वाचलंस की ती सुटेल. त्याआधी एक ठरव. एजंट म्हणून एक आयुर्विमा, एक साधारण विमा आणि एक फक्त आरोग्यविमा करणारी, अशा प्रत्येकी एकाच कंपनीचं काम घेता येतं. चार कंपन्यांच्या पॉलिसी शेजारी ठेवून दाखवायच्या असतील, तर ब्रोकरकडे पीओएसपी, म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सन, म्हणून नाव नोंदव. म्हाताऱ्या माणसांना आरोग्यविमा विकायचा, तर मला हाच रस्ता बरा वाटतो, कारण साखर असलेल्या माणसाला एक कंपनी नको म्हणते, तेव्हा दुसरी घेते. पीओएसपीला कोणत्या पॉलिसी विकायची मुभा आहे, ते मात्र आधी लिहून घे.

बेंगळुरूच्या यशवंतपुरात गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागणार नाही. बाजार समितीच्या यार्डातले कांदा-बटाट्याचे अडते सकाळी लिलावात असतात, त्यांच्याकडे दुपारनंतर जा. महाराष्ट्रातून येणाऱ्या कांद्यामुळे तिथे मराठी कानावर पडते, पण तेवढ्यावर राहू नकोस, अज्जा-अज्जींशी कन्नडच बोल. मत्तीकेरे, जालहळ्ळीकडे बीईएल, इस्रो, टाटा इन्स्टिट्यूट (आयआयएससी) इथून निवृत्त झालेली माणसं भेटतील. त्यांना पहिला प्रश्न हाच, की नोकरीकडून औषधोपचाराची सोय आहे का, केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, सीजीएचएसचं, कार्ड आहे का. असेल आणि पुरत असेल, तर पॉलिसीची गरज नाही असं तोंडावर सांग आणि चहा पिऊन ये. तीच माणसं तुझं नाव दहा घरी सांगतात.

आता मुख्य गोष्ट. प्रस्ताव अर्जाला हात लावायच्या आधी गोळ्यांचा डबा आणि जुन्या फायली समोर मागव. 'बीपी थोडंसंच आहे' म्हणणाऱ्यांच्या डब्यात तीन प्रकारच्या गोळ्या निघतात. बारा वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टी 'ते कधीच बरं झालं' म्हणून कोणी सांगतच नाही. सगळं लिही, गोळीच्या नावासकट, वर्षासकट. मुलगा शेजारी बसून म्हणेल, 'हे नका लिहू, प्रीमियम वाढेल.' त्याला तिथेच थांबव. दवाखान्यात भरती होताना म्हातारं माणूस डॉक्टरला खरं तेच सांगतं, ते केसपेपरवर उतरतं आणि क्लेम तिथे अडतो. सलग साठ महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला जुना आजार उकरता येत नाही, हे खरं. पण पंचाहत्तरीच्या माणसाने ती पाच वर्षं जीव मुठीत धरून का काढावीत? उघड सांगितलेल्या आजाराला 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पूर्वी चार होती. कोऱ्या अर्जावर सही कधीच घेऊ नकोस. ग्राहक माहिती पत्रक मागितलं तर स्थानिक भाषेत द्यावं लागतं, म्हणून अज्जींसाठी कन्नडमधलं मागव. पॉलिसी पटली नाही तर 30 दिवसांत परत करता येते, हेही तूच सांग.

खोलीभाड्याची मर्यादा कागदावर आकडे मांडून दाखव. पाच लाखांच्या पॉलिसीत रोजचं भाडं एक टक्का, म्हणजे 5,000 रुपये असेल आणि मुलाने 8,000 ची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक जात नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे मिळून 1,60,000 झाले असतील, तर त्यांतले एक लाखच मिळतात. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लागत नाही. वीस टक्के को-पे असेल, तर चार लाखांत ऐंशी हजार घरचे, तेही आधीच सांगून ठेव.

कमिशनमधला वाटा कोणी मागितला तर देऊ नकोस, विमा कायद्याच्या 41 व्या कलमाने तो गुन्हा आहे. प्रीमियमची रोकड हातात घेऊ नकोस, चेक कंपनीच्या नावाने. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून उठला आहे. साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. नूतनीकरणाची तारीख महिनाभर आधी, मुलाला नव्हे, ज्याची पॉलिसी त्यालाच फोन करून सांग.

क्लेमच्या दिवशी मात्र दवाखान्यात स्वतः जा. खरं काम त्या दिवशीचं. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. उशिरामुळे वाढलेला खर्च कंपनीवर पडतो. हे विमा डेस्कवर शांतपणे बोल आणि किती वाजता काय पाठवलं, ते टिपून ठेव. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर जे. पी. नगरच्या जीवन सौधामध्ये विमा लोकपाल. तिथे फी नाही आणि पन्नास लाखांपर्यंतची तक्रार चालते. वकील किंवा एजंट पॉलिसीधारकाच्या वतीने उभा राहू शकत नाही, अर्ज त्यानेच किंवा वारसाने करायचा असतो. म्हणून सगळे कागद तू तारखेवार लावून दे, आणि क्लेम नाकारल्याचं पत्र सर्वांत वर ठेव.