जुने दप्तर, नवा फोन

प्रश्न : माझा सोलापुरात चादरींचा व्यापार आहे. संगणकावरील जुनी मराठी पत्रे नव्या स्मार्टफोनवर अगम्य रोमन अक्षरांत दिसतात. दप्तर बुडाले काय?

उत्तर : दप्तर शाबूत आहे, अशी खातरजमा ठेवावी. पूर्वीच्या बहुतेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवरच देवनागरी आकृती चढविलेल्या असत, आणि तो विशिष्ट फाँट फोनमध्ये नसल्यामुळे मूळ रोमन अक्षरे उघडी पडतात. उलट, १९९१ साली सिद्ध झालेल्या युनिकोडात देवनागरी वर्णांस स्वतंत्र क्रमांक असल्याने मजकूर सर्वत्र सारखाच उमटतो. तेव्हा जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी, मूळ फाइलींची प्रत राखून, फाँट-परिवर्तकाने त्या युनिकोडात आणाव्यात आणि जोडाक्षरे व रफार (दोष बहुधा तेथेच राहतात) मुळाशी ताडून पाहावेत. केवळ वाचावयाच्या पत्रांस पीडीएफ पुरे. मात्र तीत फाँट अंतर्भूत असावा.