टॅब दोन, अर्ज नेमका कुणाचा?

मानोरा किंवा मंगरुळपीरच्या एखाद्या सेवा केंद्रात हंगामाच्या दिवसांत डोकावलात, तर पडद्यावर एकाच पोर्टलचे चार-पाच टॅब उघडे दिसतील. हा चालकाचा उतावीळपणा नव्हे. शेतकऱ्याच्या आधारला जोडलेला मोबाइल पुण्याला कामाला गेलेल्या पोराच्या खिशात असतो. ओटीपी तिकडे जातो, पोरगा शिफ्टमध्ये असतो, फोन लागत नाही. तोवर बाकावर बसलेल्या पुढच्या माणसाला ताटकळत ठेवणं बरं नाही, म्हणून चालक नवा टॅब उघडून त्याचा अर्ज सुरू करतो. खरीप पीक विम्याची मुदत संपत आली, पीएम-किसानच्या हप्त्याआधी केवायसीची घाई झाली, की एका चालकाला एकाच वेळी तीन-चार माणसांचं काम हातात ठेवावंच लागतं. या पैशांकडे आमच्याकडच्या घरांचे डोळे लागलेले असतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पीएम-किसानचा 18वा हप्ता आमच्याच वाशिम जिल्ह्यातून, पोहरादेवीच्या कार्यक्रमातून सोडण्यात आला होता. वर्षाला 6000 रुपये, तेही दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. कोरडवाहू सोयाबीनवाल्याला यातला एक हप्ता चुकणं परवडत नाही.

मी वाशिमात वेब अप्लिकेशन तयार करण्याचं काम करतो. एका ओळखीच्या केंद्रचालकावर जे ओढवलं ते मी जवळून पाहिलं आणि त्याचं कारण शोधण्यात माझा हात होता. तो अर्ज पीएम-किसानचा नव्हता, दुसऱ्या एका अनुदानाचा होता. पोर्टल कुणाचं हे इथे सांगत नाही. तशी रचना अजून कितीतरी ठिकाणी सापडते आणि मला बोलायचंय ते त्या रचनेबद्दल.

चालकाचा फोन आला तेव्हा तो रडकुंडीला आला होता. "भाऊ, एकाच्या अर्जात दुसऱ्याचं बँक खातं चढलं. मी तं बराबर भरलं होतं. आता लोक म्हणतात का यानंच खातं बदललं." दोन्ही शेतकरी एकाच तांड्यावरचे, दोघंही राठोड. मानोऱ्याकडे राठोड, चव्हाण, पवार, जाधव ही आडनावं इतकी आहेत, की पडद्यावरचं नाव बदललं तरी घाईत ते डोळ्याला खटकत नाही. बँकेत खातेदाराचं नाव जुळलं नाही तेव्हा गोष्ट उघड झाली. दोघांना पासबुकाची झेरॉक्स घेऊन पुन्हा यावं लागलं, मजुरी बुडाली ती वेगळीच. पण सगळ्यात वाईट म्हणजे एका सरळ माणसावर गावानं संशय घेतला. सॉफ्टवेअरमधल्या दोषाची किंमत अशी भलत्याच माणसाच्या अब्रूतून वसूल होते, हे मला तेव्हापासून विसरता आलेलं नाही.

मी त्याच्या केंद्रात बसलो आणि त्याला म्हटलं, त्या दिवशी जसं केलं तसंच पुन्हा करून दाखव. पोर्टलच्या चाचणीसाठी दिलेल्या नमुना नावांवर आम्ही दोन अर्ज उघडले. पहिल्या टॅबमध्ये पहिल्याचं नाव, जमीन भरून झाली. ओटीपीची वाट पाहायची म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्याचं नाव भरून 'पुढे' दाबलं. मग पहिल्या टॅबवर परत येऊन बँक खातं टाकलं आणि 'जतन करा' दाबलं. पडद्यावर वर पहिल्याचंच नाव होतं. खातं मात्र जाऊन बसलं दुसऱ्याच्या अर्जात.

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये सर्व्हरकडे काय गेलं ते पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. पाठवलेल्या माहितीत खाते क्रमांक होता, आयएफएससी होता, अर्जाचा क्रमांक मात्र कुठेच नव्हता. अर्ज कुणाचा हे सर्व्हर आपल्या सेशनमधून वाचत होता. सेशन म्हणजे चावडीवरची एकच पाटी समजा. शेवटी ज्यानं नाव लिहिलं त्याचंच नाव तिच्यावर राहतं. दुसऱ्या टॅबनं त्या पाटीवरचं नाव पुसून नवं लिहिलं होतं. पहिल्या टॅबमधलं जुनं नाव आधीच पडद्यावर छापलेलं असल्यामुळे तसंच दिसत राहिलं, इतकंच.

हे असं का होतं ते समजून घेणं गरजेचं आहे, नाहीतर उपायही चुकीचा निघतो. वेबचं एचटीटीपी मुळात विसराळू आहे. प्रत्येक मागणी त्याला नवीच. ही अडचण दूर करायला 1994 साली नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. सर्व्हर ब्राउझरला एक खूण देतो आणि ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर ती परत पाठवतो. पण ही खूण ब्राउझरची असते, टॅबची नसते. टॅब सर्रास वापरात आले ते पुढे कित्येक वर्षांनी. एका ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले तरी सर्व्हरला दिसतो एकच माणूस.

जुन्या चालकांच्या मनात आणखी एक समज घट्ट आहे: नवी खिडकी म्हणजे नवं लॉगिन. तो समज हवेतून आलेला नाही. इंटरनेट एक्सप्लोरर 6च्या काळात डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून वेगळी खिडकी उघडली की खरंच वेगळं सेशन मिळत असे. 2009 साली आलेल्या आवृत्ती 8नं सगळ्या खिडक्यांचं सेशन एक केलं आणि वेगळं हवं असेल त्यांच्यासाठी मेनूत स्वतंत्र सोय दिली. ब्राउझर बदलले, सवय मागे राहिली. आजही मी चालकांना ऐकतो, "मी तं इन्कॉग्निटो उघडला होता." क्रोममध्ये उघडलेल्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या आपसात एकच सेशन वाटून घेतात. साधी एक आणि इन्कॉग्निटो एक असं केलं तर दोन वेगळी सेशन मिळतात, पण इन्कॉग्निटोच्या दोन खिडक्यांत काहीच वेगळेपणा नाही.

ही गोष्ट फक्त आमच्या केंद्रापुरती नाही. सेशनस्टोरेज ही ब्राउझरमधली साठवण ज्यांनी ठरवली, त्यांनी आपल्या तपशिलातच विमानाच्या तिकिटांचं उदाहरण दिलंय. कुणी दोन खिडक्यांत दोन तिकिटं घेत असेल आणि संकेतस्थळ कुकीच्या भरवशावर चालत असेल, तर एका खिडकीतलं तिकीट दुसरीत झिरपतं आणि एकाच विमानाची दोन तिकिटं निघतात. जावाच्या जगात जेएसएफ 2.2नं 2013 साली प्रत्येक खिडकीला वेगळी ओळख द्यायची सोय केली, तीही याचमुळे. म्हणजे दुखणं जुनं आहे आणि औषधही माहीत आहे. तरी नवी पोर्टलं तोच दोष घेऊन येतात.

म्हणून माझ्या व्यवसायातल्या मित्रांना आधी हे सांगतो: 'सध्या चालू असलेला अर्ज' ही गोष्ट सेशनमध्ये ठेवूच नका. सेशनमध्ये माणूस कोण एवढंच असावं. काम कशावर चाललंय हे पानानं स्वतः सांगावं. अर्जाचा क्रमांक पत्त्यात असू द्या, फॉर्ममध्ये असू द्या, आणि प्रत्येक जतनाबरोबर तो सर्व्हरकडे जाऊ द्या. त्याचबरोबर सर्व्हरनं दर वेळी तपासायलाच हवं, की हा अर्ज याच चालकाच्या हाती आहे का. हे तपासलं नाही तर पत्त्यातला एक आकडा बदलून कुणीही दुसऱ्याचा सातबारा आणि पासबुक पाहील. टॅबचा घोटाळा मिटवताना त्याहून मोठं भोक पाडलेलं मी पाहिलंय.

दुसरा धोका एकच अर्ज दोन टॅबमध्ये उघडा असण्याचा. सकाळचा टॅब तसाच राहतो, दुपारी दुसऱ्या टॅबमध्ये दुरुस्ती होते, संध्याकाळी कुणी सकाळच्या टॅबमध्ये 'जतन' दाबतं आणि दुपारची दुरुस्ती गायब. यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक. पान उघडताना तो द्यायचा, जतन करताना परत मागायचा, आणि डेटाबेसमध्ये तोच क्रमांक अजून असेल तरच बदल करायचा. नसेल तर थांबायचं आणि 'हा अर्ज मधल्या वेळात बदलला आहे' असं मराठीत, ठळक अक्षरांत सांगून दोन्ही माहिती शेजारी-शेजारी दाखवायची. नुसता 'त्रुटी 409' दाखवून चालकाला वाऱ्यावर सोडू नका. चालकानं 'मागे' दाबल्यावरही हेच होतं. ब्राउझर कित्येकदा जुनं पान सर्व्हरला न विचारता जसंच्या तसं समोर ठेवतो.

अर्धवट भरलेली माहिती ब्राउझरमध्ये ठेवायची असेल तर जागा विचारानं निवडा. लोकलस्टोरेज एका संकेतस्थळाच्या सगळ्या टॅबना सामाईक असतं, त्यामुळे तिथे अर्जाच्या क्रमांकाशिवाय काही ठेवलंत तर पुन्हा तीच सरमिसळ. सेशनस्टोरेज टॅबपुरतं असतं, म्हणून टॅबची ओळख पुष्कळ जण तिथे ठेवतात. त्यात एक फसगत आहे. टॅबवर राइट क्लिक करून 'डुप्लिकेट' केलं की सेशनस्टोरेजचीही नक्कल होते आणि दोन टॅब एकच ओळख सांगू लागतात. यावर मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो वेब लॉक्सचा मार्ग. टॅब उघडताच त्यानं आपल्या ओळखीच्या नावाचं कुलूप मागावं. ते आधीच कुणी धरलेलं असेल तर आपण नक्कल आहोत हे त्याला कळतं आणि तो नवी ओळख घेतो. टॅब बंद पडला, ब्राउझर कोसळला, तरी कुलूप आपोआप सुटतं.

उलट, टॅब बंद होतानाच्या सूचनेवर भिस्त ठेवणाऱ्या रचना आमच्या भागात टिकत नाहीत. वीज जाते, मोबाइलवर मेमरी कमी पडली की ब्राउझर मागचा टॅब गुपचूप मारतो, आणि तुमची 'मी चाललो' ही सूचना सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. माहिती अधूनमधून आपसूक जतन करा, टॅब नजरेआड झाला की लगेच एकदा करा, आणि टॅब मेल्याची खात्री करायची असेल तर सर्व्हरवर कालमर्यादा ठेवा.

एका टॅबमधून लॉगआउट झालं तर बाकीच्या टॅबना लगेच कळलं पाहिजे. त्यासाठी ब्रॉडकास्टचॅनल आहे, लोकलस्टोरेजमधल्या बदलाची खबर मिळते तीही चालते. केंद्रात दोन चालक एकाच संगणकावर आळीपाळीनं बसतात. पहिल्याचं पान उघडं राहतं, दुसरा नव्या टॅबमध्ये लॉगिन करतो आणि पहिल्याच्या पानावरचं काम दुसऱ्याच्या नावावर नोंदलं जातं. पानावर ज्याचं नाव आहे आणि सेशनमध्ये जो आहे तो एकच आहे का, हे सर्व्हरनं जतनापूर्वी पाहावं.

काही पोर्टलांनी यातून सुटायला दुसरा टॅब उघडायलाच बंदी केलीय. याला माझा ठाम विरोध आहे. ओटीपी पुण्याहून यायचा असतो ही वस्तुस्थिती बंदी घालून बदलत नाही. चालक मग दुसरा ब्राउझर उघडतो, घरचा मोबाइल काढतो, नाहीतर अर्ज कागदावर उतरवून रात्री भरतो, आणि त्यात चुका आणखी वाढतात. बंदीऐवजी टॅबच्या शीर्षकात शेतकऱ्याचं नाव आणि गट क्रमांक द्या. सगळ्या टॅबवर पोर्टलचं एकच नाव दिसण्यापेक्षा हे किती सोपं! प्रत्येक पायरीवर पूर्ण नाव, गाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे सर्व्हरकडून ताजे आणून दाखवा.

केंद्रचालक बंधू-भगिनींनो, पोर्टल आपल्या हातात नाही, पण काही गोष्टी आहेत. एकाच पोर्टलवर दोन अर्ज चालवायचेच असतील तर क्रोममध्ये दोन वेगवेगळी प्रोफाइल करून ठेवा, त्यांना वेगळे रंग द्या. फायरफॉक्समधले कंटेनर टॅबही चालतात. डुप्लिकेट टॅब करू नका. शेवटचं बटण दाबण्याआधी पान एकदा रिफ्रेश करा. माहिती पुसली जाण्याची भीती असेल तर निदान मसुद्याची प्रत काढा आणि ती समोरच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा: नाव, वडिलांचं नाव, गट नंबर, खातं. गोंधळ झालाच तर लगेच स्क्रीनशॉट घ्या, वेळ लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. आमच्या प्रकरणात संशय फिटला तो सर्व्हरच्या नोंदवहीमुळे. दोन्ही मागण्या एकाच सेशनमधून, काही क्षणांच्या अंतरानं आल्याचं त्यात दिसत होतं, आणि खात्याच्या मागणीत अर्ज क्रमांक नसल्याचंही. ज्या पोर्टलमध्ये अशी नोंदच ठेवली जात नाही, तिथे चालकाकडे स्वतःच्या बचावासाठी काहीच उरत नाही.

पतसंस्था, शाळा, बाजार समित्या आता आपापली ऑनलाइन कामं बाहेरून करून घेतात. सॉफ्टवेअर ताब्यात घेण्याआधी कंत्राटदाराला समोर बसवा. दोन टॅबमध्ये दोन अर्ज उघडून आलटून-पालटून भरायला सांगा. एकच अर्ज दोन टॅबमध्ये उघडून दोन्हीकडून जतन करायला सांगा. टॅब डुप्लिकेट करून बघा, एका टॅबमधून लॉगआउट होऊन दुसऱ्यातून जतन करून बघा, 'जतन'वर दोनदा क्लिक करून अर्ज दोन होतात का बघा. हे सगळं स्वस्तातल्या मोबाइलवर, कमी नेटवर्कमध्ये, पुन्हा करून बघा. यातलं काही जमलं नाही तर शेवटचं बिल काढू नका.