कुरणांतील स्टायलो

माळावरील कुसळी गवत पावसाळ्याच्या आरंभीं कोंवळें व सकस असतें. परंतु एकदां तें फुलोऱ्यावर येऊन वाळलें, म्हणजे त्यांतील प्रथिनांचा अंश फारच उतरतो. म्हणूनच उन्हाळ्यांत गुरें दिवसभर चरूनही खंगत जातात. ह्यावर एक उपाय म्हणजे गवतांत द्विदल वर्गांतील चारा मिसळणें हा होय.

द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र बांधतात, हें हेलरीगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ सालीं जाहीर केलें. मात्र हा नत्र शेजारच्या गवतास लगेच मिळत नाहीं. पाला गळून, मुळें कुजून व गुरांच्या शेणमुतावाटे तो जमिनींत उतरतो. तेव्हां पहिल्याच वर्षीं गवत फोफावेल अशी अपेक्षा धरूं नये.

कोरडवाहू, हलक्या जमिनीस अमेरिका खंडांतून आलेली स्टायलो चांगली मानवते. तिच्या बियांचें कवच टणक असतें. म्हणून बीं सुमारें ८० अंश सेल्सिअस उष्ण पाण्यांत ४-५ मिनिटें ठेवून नंतर गार पाण्यांत भिजवावें. पावसाच्या आरंभीं, गवत छाटून व जमीन ओरबाडून, हेक्टरीं सुमारें ५ किलो बीं वाळूंत मिसळून फोकावें. बीं खोल पुरूं नये. जमिनींत स्फुरद अगदीं कमी असल्यास सुपर फॉस्फेट द्यावें. कारण स्फुरदावांचून गांठींचें काम मंदावतें.

रोपें रुजेपर्यंत गुरें आंत सोडूं नयेत. पुढें पावसाळ्यांत हलकी चराई हितकारकच ठरते. कारण गुरें प्रथम गवत खातात व त्यामुळें स्टायलोवरील सावली हटते. शेंगा पिकून बीं झडूं द्यावें, म्हणजे पुढील वर्षाची पेरणी आपोआप होते. लसूणघासाप्रमाणें पोटफुगीचें भय हिच्यांत फारसें नाहीं.

एक इशारा मात्र ध्यानांत ठेवावा. उत्तर ऑस्ट्रेलियांत विस्तीर्ण कुरणें टाउन्सव्हिल स्टायलो ह्या एकाच जातीवर विसंबून होतीं. १९७० नंतरच्या दशकांत करपा रोगानें ती जात जवळजवळ नामशेष केली व तेथील पशुपालकांस व्हेरानो, सेका अशा दुसऱ्या वाणांचा आश्रय घ्यावा लागला. म्हणून आपण आरंभींच दोन वाण मिसळून पेरावे, आणि प्रथम थोड्याच क्षेत्रांत अनुभव घेऊन मग सबंध कुरणास हात घालावा.