एका शब्दाची दुरुस्ती आणि कन्येचा वाटा

शास्त्रवचनातील एका शब्दाने अर्थ किती पालटतो, हे अभ्यासकांस सांगावयास नको. अशाच एका शब्दाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करावयास घेतला. पहिल्या कलमाच्या मसुद्यात, सर्व ‘मेन’ जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, अशा आशयाची शब्दरचना होती. या इंग्रजी शब्दात स्त्रिया आल्याच, असे आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांचे मत होते. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांना ते मान्य होईना. ‘पुरुष’ एवढाच अर्थ घेऊन उद्या कोणी स्त्रियांस वगळील, ही त्यांची शंका. अखेर त्या जागी ‘मानव’ अशा अर्थाचे शब्द आले आणि १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा संमत झाला. या हंसाबेन बडोदे संस्थानचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली मुलांप्रमाणे मुलींसही प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते हेच संस्थान. पुढे १९४९ मध्ये महाराजांच्या नावाने निघालेल्या विद्यापीठाच्या हंसाबेन पहिल्या कुलगुरू झाल्या.

सन २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९३ सभासद राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ ध्येये स्वीकारली व २०३० ही त्यांची मुदत ठरविली. त्यांपैकी पाचवे ध्येय स्त्री-पुरुष समानतेचे. जमीन, मालमत्ता व वारसा यांत स्त्रियांस समान हक्क मिळावा, हे त्यात स्पष्ट नमूद आहे. असे का? जिच्या नावावर शेत नाही, तिला शेतावर कर्ज मिळणे कठीण. जिच्या नावावर घर नाही, तिला घराबाहेर काढणे सोपे. जी भूमी ती कसते, तिच्यासंबंधीचा निर्णय मात्र दुसराच घेतो. समाजाचे अर्धे अंग असे निराधार ठेवून झालेला विकास टिकावा कसा?

हे विचार परके आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु याज्ञवल्क्यस्मृतीने पुत्रहीनाच्या वारसांत पत्नी व कन्या यांना अग्रस्थान दिले आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वरांनी त्या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ रचिली, तीत वारशाने आलेले धनही स्त्रीधनात गणिले आहे. पुत्र असता कन्येस समान वाटा मिताक्षरेने दिला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ती उणीव कायद्याने भरून काढली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पित्याच्या स्वतंत्र मिळकतीत कन्येस पुत्राबरोबरीने वारस केले. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतही ती जन्मतः सहदायाद झाली. त्या दिवशी पिता हयात असलाच पाहिजे असे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. कन्या विवाहित की अविवाहित, हा प्रश्नच उरला नाही.

मग अडले कोठे? अडले ते आपल्या ओसरीवर. पित्याचे दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. “तुला काय कमी आहे?” असे तिला विचारले जाते. सही न करावी तर माहेर तुटेल, हे भय तिच्या मनात असते. भाऊबीजेच्या ओवाळणीची किंमत ती अशा रीतीने आपल्या वाट्याने चुकती करते, आणि आपण तिला प्रेमाने केलेला त्याग म्हणतो!

स्वेच्छेने केलेल्या त्यागाला आमचा विरोध नाही. परंतु जे आपले आहे हेच ठाऊक नाही, त्याचा त्याग कसला? आपला वाटा किती, त्याचे मोल काय, हे जाणून, कोणाच्याही दडपणाविना सोडले तरच तो त्याग. एरवी ते हरणच होय. म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच. घरात असा कागद व्हावयाचा असेल, तर बहिणीला तो पूर्ण वाचून दाखवावा, तिने निवडलेल्या वकिलाचा सल्ला तिला घेऊ द्यावा आणि विचारास अवधी द्यावा. तिने वाटा मागितला, तरी दिवाळीचे बोलावणे पूर्वीच्याच मायेने जावे.

हंसाबेननी जगाच्या जाहीरनाम्यातील एक शब्द बदलविला. आपल्या घरच्या कागदावर बहिणीचे नाव राखणे आपल्या हाती आहे.