आजार एकाचा, पथ्य घराचे

श्रीमद्भगवद्गीतेच्या ६व्या अध्यायात ध्यानयोगाचे विवेचन करीत असता भगवंतांनी आहाराचा विषय मुद्दाम घेतला आहे, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. अति खाणाऱ्यास योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही, असे १६व्या श्लोकात सांगितले आहे. आणि १७व्या श्लोकात आहार, विहार, कर्म, निद्रा व जागरण या सर्वांत प्रमाण राखणाऱ्याचेच दुःख योगाने नाहीसे होते, असा निर्वाळा दिला आहे. हे श्लोक आम्ही बालपणापासून म्हणत आलो. परंतु त्यांचा अर्थ आम्हांस कळू लागला तो वयाच्या ५२व्या वर्षी, आणि तोही रक्ततपासणीच्या एका कागदावरून. तोच पाठ आज आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

कागद आणि भय

गतवर्षी आम्ही मलकपेठेत सहज म्हणून आरोग्यतपासणी करून घेतली. उपाशीपोटी रक्तातील साखर ११४ आली. मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीए१सी नावाची तपासणी, ती ६.२ टक्के आली. कमरेचा घेर ९७ सेंटिमीटर भरला. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, अथवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के, या अवस्थेस मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. साखर १२६ किंवा एचबीए१सी ६.५ टक्के झाली आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही तसेच आढळले, की मधुमेह ठरतो. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे आम्ही उंबरठ्यावर उभे होतो; आत पाऊल पडले नव्हते, एवढेच.

तो कागद आम्ही देवघराच्या खणात पोथीखाली ठेवून दिला आणि आठ दिवस कोणास काही बोललो नाही. आमच्या तीर्थरूपांनीही असेच केले होते. आपल्याला साखरेचा आजार आहे हे त्यांना ठाऊक होते. परंतु घरच्या सणावारात आपल्यामुळे विघ्न नको, म्हणून त्यांनी ते कोणास कळू दिले नाही. घरास कळले ते त्यांची दृष्टी गेल्यावर. अखेरची सहा वर्षे त्यांना पोथी आम्हीच वाचून दाखवीत असू.

एकादशीस पोथी काढावयास गेलेल्या आमच्या सौभाग्यवतींच्या हाती तो कागद लागला. त्यांनी एवढेच विचारले, "मामंजींच्या वाटेनं जायचं ठरवलंय का?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

शास्त्र काय सांगते

हा रोग आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत : एक जन्मजात, दुसरा अपथ्यातून उद्भवणारा. निर्धन रोग्याने पादत्राण व छत्र न घेता, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने अथवा त्याहून अधिक चालावे, असेही त्यात सांगितले आहे. चालणे आणि साधे अन्न, हा उपदेश इतका जुना आहे.

आधुनिक संशोधनाने त्यास पुष्टी दिली. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांस तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी आहार बदलला व नियमाने चालण्याचा व्यायाम केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. विशेष हे, की त्यांची वजने फारशी उतरली नसताही हा लाभ झाला. सर्वच वाचले असे नव्हे; पण पुष्कळ वाचले.

"आम्ही सडपातळ आहो, आम्हांस काय भय?" असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांनी व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी आपली छायाचित्रे व मोजमापे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. दोघांचा निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून कृश दिसणारा भारतीय देह आतून मेदयुक्त असू शकतो, हे यावरून स्पष्ट होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रोगी असून, उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटींहून अधिक आहेत. तेव्हा ही एकट्यादुकट्याची कथा नव्हे.

आमची पहिली चूक

शास्त्र कळले, तरी आचरण साधले असे नाही. प्रथम आम्ही एकट्याचे पथ्य आरंभिले. सर्वांस भात, पुऱ्या व बटाट्याची भाजी; आमच्या ताटात मात्र भाकरी आणि उकडलेला पाला. मातोश्रींना वाईट वाटे. त्या हळूच एक पुरी वाढीत. चिरंजीव आमच्या ताटाकडे पाहून हसत. आणि आम्ही सायंकाळी बाहेर पडून इराणी चहा व उस्मानिया बिस्किटे यांवर मनाचे समाधान करून घेत असू. तीन महिन्यांनी तपासणी केली, तो आकडा जागचा हलला नव्हता.

तेव्हा सौभाग्यवतींनी एक निर्णय घेतला : यापुढे घरात दोन स्वयंपाक होणार नाहीत. जे एकास पथ्यकर, तेच सर्वांस. विचार करता यात कोणावर अन्याय नाही. ज्यांच्या मातापित्यांस मधुमेह, त्या मुलांसही त्याचा धोका अधिक असतो. अर्थात जे अन्न आम्हांस औषध, ते चिरंजिवांस संरक्षण आहे. रोगी मनुष्यास पंक्तीतून उठविल्याने पथ्य टिकत नाही. सगळ्या पंक्तीनेच पथ्य पाळले म्हणजे टिकते.

घरात काय बदलले

चहापासून आरंभ केला. दिवसास चार कप, कपास दोन चमचे, चमच्यास ५ ग्रॅम, म्हणजे रोजची ४० ग्रॅम साखर; वर्षाची साडेचौदा किलो! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली सर्व प्रकारची साखर मिळून २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आम्ही दर पंधरवड्यास अर्धा चमचा कमी करीत गेलो. आता दोन कप बिनसाखरेचे घेतो, आणि जिभेने तक्रार सोडून दिली आहे.

नंतर भात. मुसी ओलांडून उत्तरेस तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचा जन्म १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या शोधार्थ झाला, आणि १९५८ साली ती हैदराबादेस आली. बेरीबेरी हा सडलेल्या, म्हणजे कोंडा काढून टाकलेल्या तांदळावरच निर्वाह केल्याने होणारा रोग होय. त्याच संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात सांगितले आहे, की दिवसाच्या उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक धान्यातून येऊ नयेत. आपल्या घरांत हा वाटा पुष्कळदा ५० ते ७० टक्के असतो. म्हणून आम्ही ताटाची मांडणी पालटली. अर्धे ताट भाजी, कोशिंबीर व फळ यांचे. उरलेल्या अर्ध्यात वरण, उसळ किंवा ताक, आणि भाकरी अथवा भात, दोन्ही नव्हे. मराठवाड्यातून आलेल्या आपल्या घराण्यांस ज्वारी काही नवी नाही. आपणच तिला गरिबाचे अन्न म्हणून दूर लोटले होते. मात्र ज्वारीतही पिष्ट आहेच. चार भाकऱ्या खाऊन पथ्य पाळले असे कोणी समजू नये.

लोणचे, पापड व शेव रोजच्या ताटातून गेली, कारण मीठ दिवसास ५ ग्रॅमच्या आत हवे. मातोश्रींचा रक्तदाबही त्यामुळे सुधारला, हे त्या आता स्वतःच सांगतात.

विहाराविषयी एवढेच, की मंदिरात येण्यासाठी आम्ही स्कूटर काढीत नाही. रात्रीच्या जेवणानंतर सर्व घर दहा-पंधरा मिनिटे चालते. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातील साखरेची उसळी कमी होते. प्रौढ मनुष्यास आठवड्यास दीडशे मिनिटे भराभर चालणे घडावे.

उपवास व प्रसाद

येथे एक नाजूक विषय बोलणे भाग आहे. आपल्या एकादशीस अन्नाचा नव्हे, तर प्रमाणाचाच उपवास घडतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात, आणि तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. त्यात ५० ग्रॅम दाण्याचे कूट व दोन चमचे तूप पडले, की बेरीज ७००च्या वर जाते. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो, ते झाड मुळात दक्षिण अमेरिकेचे आहे. तेव्हा आपल्या प्राचीन ऋषींनी त्याची आज्ञा केली असणे संभवत नाही. आमच्या घरी आता एकादशीस फळ, दही, थोडी राजगिऱ्याची भाकरी व भोपळ्याची भाजी असते. खिचडी वर्षातून दोनदा, आषाढी व कार्तिकीस, आणि तीही वाटीभर.

प्रसादाविषयी आमची नम्र सूचना अशी : प्रसाद तळहातावर मावेल तेवढाच घ्यावा. तीर्थ आपण पळीभर घेतो, तांब्याभर मागत नाही. मग शिरा द्रोणभर का? प्रसादाचे पावित्र्य त्याच्या वजनात नाही. ज्यांना गोड वर्ज्य आहे त्यांच्यासाठी फुटाणे अथवा फळाची फोड ठेवली, तर मधुमेही भाविकास संकोचाने हात मागे घ्यावा लागणार नाही.

सावधानतेचे दोन शब्द

ज्यांचे औषध अथवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी हा लेख वाचून ते बंद करू नये. कडक उपवासही वैद्याच्या सल्ल्याविना करू नये, कारण साखर अकस्मात खाली जाणे हेही प्राणसंकट आहे. औषध घेणे हा पथ्याचा पराभव नव्हे. ज्यांस मधुमेह झालाच आहे, त्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व पाय तपासून घ्यावेत. आमच्या तीर्थरूपांचे डोळे वेळीच तपासले असते, तर त्यांची दृष्टी कदाचित राहिली असती. हे शल्य आमच्या मनातून जात नाही.

एका स्वयंपाकाच्या नियमास आठ महिने झाल्यावर आमची एचबीए१सी ५.८ व कमरेचा घेर ९२ सेंटिमीटर आला. म्हणजे उंबरठा अजून पूर्ण सुटलेला नाही; परंतु तोंड बाहेरच्या दिशेस वळले आहे. तो कागद आता पोथीखाली नसून स्वयंपाकघराच्या भिंतीवर, सर्वांस दिसेल असा लावला आहे.

कुटुंबात विचार करण्यासाठी

१. आपल्या घरात कोणाच्या तपासणीचा कागद खणात पडून आहे काय? वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर, रक्तदाब व कमरेचा घेर मोजून झाला आहे काय?

२. पथ्य एकट्यावर सोपविले आहे, की सर्व घराने स्वीकारले आहे?

३. येत्या एकादशीस आपल्या घरी खरोखर उपवास घडेल काय?

या तीन प्रश्नांवर एक सायंकाळ सर्वांनी मिळून बोलावे, एवढीच विनंती करून हा पाठ येथे पुरा करितो.